एका घरातले तीन कॉर्कबोर्ड: फसलेल्या पहिल्या बोर्डापासून पुढचा प्रवास

पार्श्वभूमी

या घरात पाच माणसं राहतात. आई आणि बाबा दोघंही नोकरी करणारे, आठवीतली मुलगी, साडेचार वर्षांचा मुलगा आणि आजी. ओळख पटू नये म्हणून नावं आणि काही किरकोळ तपशील गाळले आहेत. मापं, साहित्य आणि झालेल्या चुका जशाच्या तशा ठेवल्या आहेत. मी लोकांना घर लावायला मदत करते. पहिला प्रयत्न फसल्यावर या घराने मला बोलावलं, त्यामुळे सुरुवातीचा भाग त्यांच्याकडून ऐकलेला आणि फोनमधल्या फोटोंवरून ताडून पाहिलेला आहे. पुढचा सगळा माझ्या डोळ्यांदेखत घडला.

घरात कागद फार. शाळेच्या सूचना, बिलं, आजीच्या तपासण्यांचे रिपोर्ट, औषधांच्या चिठ्ठ्या, मुलीचं वेळापत्रक, धाकट्याची चित्रं. यातलं बरंचसं फ्रिजच्या दारावर चुंबकांखाली असायचं, एकावर एक. उरलेलं टीव्हीखालच्या खणात. कोणता कागद कुठे आहे हे फक्त आईला माहीत असे, तेही दर वेळी नाही.

एकदा आजीची डॉक्टरांकडे पुन्हा दाखवायची तारीख चुकली. ती चिठ्ठी फ्रिजवरच होती, पण तिच्यावर आणखी तीन कागद चढले होते. नऊ दिवसांनी बिल शोधताना ती सापडली. त्याच महिन्यात मुलीचा सहलीचा संमतीपत्राचा कागद सही न होता दप्तरातच राहिला आणि तिची सहल हुकली. त्या रात्री आईने ठरवलं की घरात एक मोठा बोर्ड हवा, सगळ्यांना दिसेल असा. शिवाय खोल्यांमधल्या बोळातली लांब भिंत कित्येक दिवस रिकामी होती. तिथे कॉर्कचा तो उबदार तपकिरी रंग छान दिसेल, हेही तिच्या मनात होतं. ही दुसरी इच्छा मी मुळीच गौण मानत नाही. दिसायला सुंदर नसलेल्या बोर्डाकडे घरातली माणसं हळूहळू बघेनाशी होतात.

पहिला प्रयत्न आणि त्यातली अडचण

आईने ३ मिमी जाडीची कॉर्कशीट आणली, गुंडाळीतली, १८० बाय ९० सेंमी. एका सुट्टीच्या दुपारी आई आणि मुलीने मिळून ती डबल टेपने थेट भिंतीवर चिकटवली. त्या संध्याकाळचे फोटो मी पाहिले आहेत. भिंत खरोखरच देखणी दिसत होती.

चौथ्या दिवशी पिना खाली पडायला लागल्या. एक कागद टोचला तर कसाबसा राही, पण कॅलेंडर टोचलं की पीन वाकून पुढे झुके आणि तासाभरात जमिनीवर येई. मी त्यांच्या डबीतली एक पुशपिन पट्टीवर ठेवून मोजली. सुई १० मिमी भरली. त्यातली ३ मिमी कॉर्कमध्ये जात होती आणि पुढे टणक गिलावा होता. म्हणजे सुईचा जेमतेम एक तृतीयांश भाग पकडीत, बाकीचा हवेत. अशी पीन कितीही दाबली तरी टिकणार नव्हती.

सहाव्या दिवशी धाकट्याच्या मुठीत पीन सापडली. त्याने ती तोंडात घातली नव्हती, कुठे टोचलीही नव्हती, पण आईने त्याच क्षणी बोर्डावरच्या सगळ्या पिना काढल्या. पुढच्या आठवड्यात हवा दमट झाली आणि शीटचा वरचा काठ सुटून पुढे वळला. शीट आणल्या आणल्या लावली होती. गुंडाळीतून काढून दोन-तीन दिवस सपाट पसरून ठेवली असती, तर तिचा बाक बराच मोडला असता आणि घरातल्या हवेशी तिचं जुळलंही असतं. शेवटी शीट ओढून काढली तेव्हा टेपबरोबर रंगाचे तळहाताएवढे पापुद्रे निघाले. खाली आजीच्या खोलीकडचा एक कोपरा फाटलाही.

बाबांचं म्हणणं होतं की आता हा नाद सोडावा आणि शीट टाकून द्यावी. आईला ते पटेना. कॉर्क म्हणजे एका झाडाची साल हे तिने वाचलं होतं. कॉर्क ओक या झाडाची साल पहिल्यांदा काढायला साधारण २५ वर्षं थांबतात. मग झाड न तोडता पुन्हा पुन्हा साल काढता येते, पण दोन वेळांमध्ये किमान ९ वर्षं जावी लागतात. जगातला जवळपास निम्मा कॉर्क देणाऱ्या पोर्तुगालमध्ये तर हा ९ वर्षांचा नियम कायद्यातच आहे. “नऊ वर्षं लागलेली वस्तू मी नवव्या दिवशी कचऱ्यात नाही घालणार,” असं ती म्हणाली. मला तिचं म्हणणं आवडलं. पुढे याच हट्टामुळे आमचं कामही सोपं झालं.

समोर असलेले पर्याय

पहिल्या भेटीत मी बोर्डाबद्दल बोललेच नाही. फ्रिजवरचे सगळे कागद काढून जेवणाच्या टेबलावर मांडायला सांगितले. एकूण २३ निघाले. त्यातले ११ जुने, कामाचा दिवस उलटून गेलेले. राहिलेल्या १२ पैकी चार फक्त आजीसाठी होते, तीन फक्त मुलीसाठी आणि पाच सगळ्या घरासाठी. मग तो ढीग टेबलावर तीन भागांत ठेवला. सगळे गप्प झाले. अडचण बोर्ड नसण्याची आहे असं इतके दिवस सगळ्यांना वाटत होतं. खरी अडचण ही होती की घरात आलेला कागद कधी निघायचा हे कुणी ठरवलंच नव्हतं.

मग पर्याय एकेक करून पाहिले. बाबांना फोनमधलं सामाईक कॅलेंडर हवं होतं. तारखांसाठी ते उत्तमच, आणि ते आम्ही सुरूही केलं. पण आजी फोन फक्त बोलण्यासाठी वापरतात आणि सही करायचा कागद फोनमध्ये राहून सही होत नाही. पांढरा बोर्ड लिहायला चांगला, कागद अडकवायला नाही. चुंबकी पत्रा मुलगा लहान असताना पिनांपेक्षा सुरक्षित वाटतो, पण लहान चुंबकही मुलांच्या हाती लागलेले धोक्याचेच, आणि गिळले गेले तर पिनेइतकेच गंभीर. तयार फ्रेमचा कॉर्कबोर्ड सरळ विकत घेता आला असता. मात्र बऱ्याच तयार बोर्डांत कॉर्कचा पातळ थर वर आणि खाली पुठ्ठा असतो, आणि आजीच्या पलंगाशेजारच्या जागेत बसेल असं माप मिळत नव्हतं.

राहिला स्वतः बनवण्याचा पर्याय, जुनी शीट वापरून. यात निर्णयाची पहिली खरी जागा आली: एक मोठा बोर्ड की तीन लहान? आईला एक मोठाच हवा होता, बोळातल्या भिंतीसाठी. मी वाद घातला नाही. चार जागी जुने वर्तमानपत्राचे कागद मास्किंग टेपने लावले: बोळात, जेवणाच्या टेबलाशेजारी, मुलीच्या टेबलावर आणि आजीच्या पलंगाजवळ. हेच बोर्ड आहेत असं समजून आठवडाभर वापरा, असं सांगितलं. चिठ्ठ्याही टेपनेच लावायच्या.

आठ दिवसांनी गेले तेव्हा बोळातला वर्तमानपत्राचा कागद कोरा होता. तिथून सगळे जात होते, पण थांबत कुणीच नव्हतं. टेबलाशेजारच्या कागदावर नऊ चिठ्ठ्या होत्या, वरच्या कडेला तर जागाच उरली नव्हती. आजीच्या कागदावर दोन होत्या, आणि दोन्ही खालच्या भागात, बसल्या जागी हात पोहोचेल तिथे. आईने तो कोरा कागद स्वतःच्या हाताने काढला. तिच्या मनातली सुंदर भिंत तिने त्या दिवशी सोडली. ते तिला सोपं गेलं नाही.

केलेली कामं

मापं ठरली. टेबलाशेजारी ७५ बाय ४५ सेंमी, मुलीसाठी ६० बाय ४०, आजीसाठी ४० बाय ३०. पीन पूर्ण आत जावी म्हणून कॉर्कची जाडी १२ मिमी हवी होती. जुन्या ३ मिमी शीटचे प्रत्येक मापाचे दोन तुकडे कापले की ६ मिमी होत होते. वर नवी ६ मिमीची शीट आणि सगळ्याच्या खाली ६ मिमी प्लायवूड. कागदावर आखून पाहिलं तर जुन्या शीटमधून सहाही तुकडे निघत होते. अरुंद पट्ट्या सोडल्या तर उरत होता फक्त ४५ बाय ३० चा एक तुकडा, आणि शीट फिरवली की फाटलेला कोपरा नेमका त्याच तुकड्यात येत होता.

पीन कॉर्कमध्ये का धरली जाते हे मुलीने विचारलं. कॉर्क म्हणजे हवा कोंडलेल्या बारीक बंद पेशींचा थर. १६६५ साली छापलेल्या आपल्या निरीक्षणांत रॉबर्ट हूक यांनी कॉर्कचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली कसा दिसला ते लिहिलं आणि त्यातल्या कप्प्यांना ‘सेल’ म्हटलं. पेशीसाठीचा इंग्रजी शब्द तिथूनच आला. सुई आत शिरताना या पेशी बाजूला दबतात आणि मग सुईवर चहूबाजूंनी परत रेटतात. सुई काढली की भोकही बरंचसं मिटतं. बोर्डाची शीट मात्र अखंड साल नसते. ती कॉर्कचे दाणे चिकटवून बनवलेली असते, म्हणून एकाच जागी शंभर वेळा टोचलं की दाणे सुटायला लागतात. मुलीने नव्या शीटच्या कातरणावर पीन टोचून, काढून, भिंगातून ते भोक पाहिलं. पंधरा मिनिटं तिने दुसरं काही केलं नाही.

कापताना धारदार कटर आणि स्टीलची पट्टी लागते. एका दाबात कापायला गेलं की कॉर्कचा काठ चुरडतो. हलक्या हाताने तीन-चार वेळा फिरवलं की काठ स्वच्छ येतो. नवं पातं घातलेलं असावं. आम्ही मध्येच पातं बदललं, तर फरक हातालाच कळला.

चिकटवायला कॉन्टॅक्ट अ‍ॅडेसिव्ह घेतलं. हे दोन्ही पृष्ठांना लावून १५-२० मिनिटं थांबायचं असतं. बोटाला चिकटेनासं झालं की मग दोन पृष्ठं एकमेकांवर टेकवायची. वास उग्र येतो आणि वाफ पेट घेते, म्हणून खिडक्या उघड्या, जवळपास गॅस किंवा उदबत्ती पेटलेली नाही आणि धाकटा आजीबरोबर बाहेर, अशी व्यवस्था केली. हे अ‍ॅडेसिव्ह एकदा टेकलं की सरकत नाही. पहिल्या बोर्डावर बाबांनी शीट मापाला अचूक कापून घेतली होती. टेकवताना ती एका टोकाला सेंटीमीटरभर तिरकी बसली आणि प्लायचा एक काठ उघडा पडला. तिथे कातरणाची पट्टी जोडावी लागली. पुढच्या दोन बोर्डांसाठी वरची शीट चारी बाजूंनी १ सेंमी मोठी ठेवली, मध्ये बटरपेपर घालून एका टोकापासून जुळवत बटरपेपर हळूहळू ओढून घेतला आणि चिकटल्यावर काठ कापले. दोन्ही नीट बसले. मग लाटण्याने मध्यापासून कडेकडे दाबलं.

दोन दिवसांनी मोठ्या बोर्डावर सरळ पट्टी ठेवली तर मध्ये ४ मिमी बाक दिसला. पातळ प्लायच्या एकाच बाजूला थर चिकटवले की असं होतं. पाठीला २० मिमी जाडीच्या दोन लाकडी पट्ट्या गोंद आणि ३० मिमी स्क्रूने बसवल्या आणि वजनाखाली रात्रभर ठेवला. बाक १ मिमीवर आला. या पट्ट्यांमुळे बोर्ड आणि भिंतीच्या मधून हवाही खेळती राहिली. ओल धरणाऱ्या भिंतीला कॉर्क चिकटून राहिला तर मागे बुरशी धरू शकते.

टांगण्यासाठी तिरप्या कापाच्या दोन पट्ट्यांची जुनी सुतारी पद्धत वापरली. एक पट्टी भिंतीवर, उतार भिंतीकडे. दुसरी बोर्डाच्या पाठीला उलटी. बोर्ड वरून खाली ओवला की आपल्याच वजनाने घट्ट बसतो आणि काढायचा झाला तर वर उचलला की निघतो. मोठा बोर्ड अडीच किलोच्या आत भरला, त्यामुळे भिंतीत गिट्टी (स्क्रू धरून ठेवणारी खुंटी) घालून दोन स्क्रू पुरले. भोक पाडण्याआधी स्विचबोर्डाच्या सरळ वरची आणि बाजूची रेष सोडली, कारण वायरी बहुधा त्याच रेषेत गेलेल्या असतात.

सजावटीत आईने हात राखून काम केलं. संपूर्ण कॉर्क रंगवला तर पृष्ठभाग कडक होतो आणि पिनांची भोकं ठिपक्यांसारखी उठून दिसतात. म्हणून मोठ्या बोर्डावर फक्त मास्किंग टेपने आखून वरच्या बाजूला गडद हिरव्या अ‍ॅक्रिलिकचा एक तळहाताएवढा रुंद पट्टा मारला. ती या आठवड्याची जागा. खालचा भाग नैसर्गिकच. मुलीने आपल्या बोर्डावर जुन्या सुती चादरीचं कापड ताणून मागून स्टेपल केलं. पातळ सुती कापडातून पीन सहज जाते.

आजीच्या बोर्डाने मला माझी चूक दाखवली. मी चारही कागद पिनांनी लावून दिले आणि समाधानाने मागे सरले. आजींनी एक पीन काढून पुन्हा टोचायचा प्रयत्न केला, अंगठा दाबला आणि हात झटकला. “अगं, ही टाचणी माझ्या बोटांचं ऐकत नाही,” त्या म्हणाल्या. त्यांच्या बोटांचे सांधे दुखतात हे मला माहीत होतं. तरी मी विचारलं नव्हतं. मग कॉर्कमधून खालच्या प्लायपर्यंत जातील असे चार आकडे (हुक) फिरवून बसवले आणि त्यांना मोठ्या, हलक्या स्प्रिंगच्या क्लिपा लटकवल्या. क्लिपेची निवडही आजींनीच केली. तीन प्रकार हातात घेऊन, दाबून पाहून.

परिणाम

पहिले दोन महिने बोर्ड उत्तम चालले. कुठलाही कागद हरवला नाही. आजीची पुढची तारीख त्यांनी स्वतःच दोन दिवस आधी सांगितली. ‘हे कुठे आहे?’ हा प्रश्न आईला कमी वेळा ऐकू येऊ लागला, आणि तिला सगळ्यात जास्त बरं याचंच वाटलं.

तिसऱ्या महिन्यात मोठा बोर्ड गच्च झाला. खालच्या भागात कागदावर कागद चढू लागले, अगदी फ्रिजच्या दारासारखे. मी गेले तेव्हा १७ कागद होते आणि त्यातले सहा शिळे. साफसफाईचा वार ठरवून पाहिला, तो दोन आठवडे टिकला. जे टिकलं ते मुलीने सुचवलं. कागद लावतानाच त्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात तो काढायची तारीख पेन्सिलीने लिहायची. ज्याला ती तारीख उलटलेली दिसेल त्याने कागद काढायचा, विचारायची गरज नाही. यामुळे आवरण्याचं काम आईच्या एकटीच्या अंगावरून उतरलं. सहाव्या महिन्यात बोर्डावर आठ कागद होते, सगळे चालू.

दोन गोष्टी मनासारख्या झाल्या नाहीत. मुलीचा बोर्ड खिडकीसमोर आहे. त्यावरचं कापड उन्हाने फिकट पडलं. आणि धाकट्यासाठी आम्ही काहीच केलं नव्हतं. त्याच्या हाती पीन लागू नये म्हणून मोठ्या बोर्डाची खालची कड त्याच्या हाताच्या टप्प्याबाहेर ठेवली, पिनांची डबी उंच फळीवर गेली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यच होतं. पण पाच माणसांच्या घरातल्या एका माणसाचे कागद पुन्हा जमिनीवरच राहिले.

वेगळं काय करता आलं असतं

पहिल्या शीटच्या वेळी कातरणाच्या एका तुकड्यावर पीन टोचून, त्याला कॅलेंडर अडकवून रात्रभर ठेवलं असतं तर भिंतीचा रंग वाचला असता. जाडीचा निर्णय डोळ्यांनी होत नाही. सुईची लांबी मोजूनच करावा.

तिन्ही बोर्ड एकाच सुट्टीत करण्याची घाई मी थांबवायला हवी होती. आजीचा सर्वांत लहान बोर्ड आधी केला असता तर चिकटवण्याची चूक लहान तुकड्यावर झाली असती आणि बाक येतो हेही आधी कळलं असतं. कमी साहित्य पणाला लागलं असतं.

वर्तमानपत्राच्या चाचणीबद्दल मात्र मला अजिबात शंका नाही. काहीही न कापता आठ दिवसांत जे कळलं ते कितीही चर्चा करून कळलं नसतं. पुन्हा करायची वेळ आली तर मी त्यात एवढीच भर घालेन की प्रत्येकाने स्वतःच्या हाताने चिठ्ठी लावायची आणि काढायची, आणि मी शेजारी उभी राहून बघायचं. आजींची बोटं मला तेव्हाच दिसली असती.

आणि धाकट्याला चाचणीत धरायला हवं होतं. त्याची उंची त्या वेळी १०४ सेंमी होती. त्याच्या डोळ्यांसमोर येईल असा एक वर्तमानपत्राचा कागद खाली लावणं काही अवघड नव्हतं.

तो उरलेला ४५ बाय ३० चा तुकडा, फाटलेल्या कोपऱ्यासकट, माझ्या शेवटच्या भेटीपर्यंत कपाटामागे उभा होता. फाटलेला कोपरा आईने गोल कापला आणि उरलेले तीनही तसेच गोल केले. मग पुठ्ठ्यावर चिकटवून, वरच्या काठावर आजींना आवडलेल्या त्याच क्लिपा लावून, तो बोळातल्या त्या रिकाम्या भिंतीवर ९० सेंमी उंचीवर टांगला. पीन नाही, टेप नाही. मी निघताना त्यावर दोन चित्रं होती, आणि तिसरं लावण्यासाठी धाकटा दोन्ही हातांनी क्लिप दाबून धरत होता.